भुताची भीती वाटली, की दया आली? जुन्या भयपटांतले आवडते नट आणि सिनेमे

रीळबंद (धागाकर्ता) | शनिवार, रात्री ११:२०

आमचे बाबा नागपुरातल्या एका टॉकीजमध्ये ऑपरेटर होते. तेव्हाच्या प्रोजेक्टरला कार्बनच्या कांड्या लागायच्या. दोन कांड्यांमधला लखलखाट पडद्यावर जायचा आणि कांड्या जळतील तशा सरकवत राहाव्या लागायच्या. केबिनमधल्या माणसाला सिनेमा धड पाहायला मिळत नसे. बाबा म्हणायचे, मी पब्लिक पाहतो. मारामारी असली की पब्लिक पडद्याकडे बघते, रडका सिनेमा असला की मांडीकडे, आणि भुताचा असला की शेजारच्याकडे.

परवा मुलीसोबत १९३१ चा 'फ्रँकेन्स्टाइन' पुन्हा पाहिला, म्हणून हा धागा. पहिल्यांदा पाहिला तो शाळेत असताना, दिवाळीच्या सुट्टीत. चोवीस तासांसाठी व्हीसीआर भाड्यानं आणला होता, टीव्हीसकट, सायकल रिक्षात मांडीवर धरून. तीन हिंदी कॅसेटी आणि एक दुकानदारानं आपल्या मनानं दिलेली. त्यात तो तळ्याकाठचा सीन होता. लहान मुलगी राक्षसाला फुलं देते. दोघं एकेक फूल पाण्यात सोडतात, फुलं तरंगतात, राक्षस हसतो. फुलं संपतात. राक्षस मुलीकडे हात पुढे करतो, आणि आमच्या कॅसेटीत सीन तिथेच तुटायचा. पुढे थेट बाप मेलेली मुलगी हातांवर घेऊन गावातून चालत येतो. मधे काय झालं असेल याची मी त्या वयात जी कल्पना केली, ती इथे लिहवत नाही.

नंतर कळलं की अमेरिकेत काही राज्यांच्या सेन्सॉरनं तेवढाच तुकडा कापायला लावला होता आणि तो पुन्हा जोडला जायला पन्नासेक वर्षं गेली. आता पूर्ण पाहिला. राक्षसाला वाटतं, मुलगीसुद्धा फुलासारखी तरंगेल. म्हणून तो तिला पाण्यात टाकतो. ती वर येत नाही. तेव्हा बोरिस कार्लोफचे हात बघा. काय करून बसलो हे त्या हातांना आधी कळतं, चेहऱ्याला मागून. कापाकापीनं मुलांना वाचवायचं होतं, पण कापल्यामुळे तो राक्षस कितीतरी जास्त वाईट झाला होता.

माझी मुलगी अकरा वर्षांची आहे. तिनं विचारलं, "बाबा, याला कोणी काही शिकवलंच नव्हतं का?"

माझं म्हणणं असं, की ज्याची भीती वाटते तो चांगला नट आणि ज्याची भीती वाटत असतानाच दया येते तो थोर नट. तुमचा कोण?

---

गोकुळपेठी | शनिवार, रात्री ११:४१

भाड्याच्या व्हीसीआरसाठी एक सलाम! चोवीस तासांत चार सिनेमे वसूल करायचे म्हणजे भुताचा नंबर बरोबर पहाटे तीनला लागायचा. आई मधूनच उठून "झोपा बे पोट्टेहो" म्हणून ओरडायची, त्यालाच आम्ही दचकायचो.

---

नवतपा | रविवार, सकाळी ७:५५

रीळबंदभाऊ, लेख मस्त, पण मी विरोधी पार्टीत. भुताची दया आली की भूत अर्धं मेलं.

माझा माणूस ख्रिस्तोफर ली. इंग्लंडच्या हॅमर कंपनीचा १९५८ चा 'ड्रॅक्युला'. पहिली एंट्री आठवा. जिन्याच्या वर काळी आकृती. आपल्याला वाटतं, आता हा गुरगुरणार. तो भराभर खाली येतो, पाहुण्याचं अगदी सभ्यपणे स्वागत करतो, सामान उचलून खोलीपर्यंत सोडतो. आपल्याकडच्या एखाद्या जुन्या वाड्यातले मालगुजार असावेत असा. हाच माणूस थोड्या वेळानं रक्ताळलेलं तोंड आणि लाल डोळे घेऊन दारात दिसतो. दया कशाची? सहा फूट पाच इंच उंची आणि एक कणभर पश्चात्ताप नाही.

समोर पीटर कुशिंग. शेवटी तो टेबलावरून धावत जाऊन पडदे ओढतो, ऊन आत येतं आणि दोन मेणबत्तीदाण्या एकमेकींवर आडव्या धरून तो क्रूस करतो. मी कितीदा पाहिलं असेल हे. दोघांनी मिळून वीसहून जास्त सिनेमे केले आणि बाहेर जिवलग दोस्त. ली एक किस्सा सांगायचा. १९५७ च्या 'कर्स ऑफ फ्रँकेन्स्टाइन'मध्ये तो राक्षस होता. मेकअप रूममध्ये शिरून तो कुरकुरला की मला एक वाक्य नाही. कुशिंग म्हणाला, नशीबवान आहेस, मी स्क्रिप्ट वाचलंय.

पुढे लीनं १९९८ साली पाकिस्तानच्या महंमद अली जिनांची भूमिका केली आणि तीच आपली सगळ्यात महत्त्वाची भूमिका असं तो म्हणत असे. ड्रॅक्युलाच्या पाठीवरून उतरायला त्याला चाळीस वर्षं लागली.

---

वसुधा_महालकर | रविवार, सकाळी ९:३०

मी नागपूरच्या महाल भागात वाढले, म्हणून माझं उत्तर 'महाल'. १९४९ चा. माझ्या जन्माच्या आधीचा, पण आमच्या आईनं तो इतक्यांदा सांगितला होता की पाहायच्या आधीच पाठ होता.

त्यात भूत असं काही नाहीच, शेवटी कळतं ते. तरी झोपाळा हलतो आणि 'आएगा आनेवाला' सुरू होतं तेव्हा अंगावर काटा येतो तो येतोच. मधुबाला तेव्हा सोळा वर्षांची होती. आणि लताबाईंचं ते गाणं रेकॉर्डवर आलं तेव्हा गायिकेचं नाव छापलं होतं 'कामिनी', म्हणजे सिनेमातल्या पात्राचं. लोकांनी रेडिओला पत्रं पाठवून विचारलं की गातंय कोण. आवाज दिसायच्या आधी ऐकू येतो आणि बाई कुठे आहे ते कळत नाही, भुताची व्याख्या याहून वेगळी काय करणार?

सुरुवातीच्या ओळी दुरून येतात ना, त्या गाताना लताबाई माइकपासून लांब उभ्या राहिल्या आणि गात गात जवळ आल्या. यंत्र नाही, काही नाही. पावलं.

रीळबंद, तुमच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं तर मला भीती बाईची वाटत नाही, अशोककुमारची दया येते. सावलीवर प्रेम करणारा माणूस जिवंत बायकोला किती एकटं पाडतो! त्या बायकोवर कोणी धागा काढत नाही.

---

छायाप्रकाश | रविवार, सकाळी १०:१२

वसुधाताईंच्या प्रतिसादाला जोड देतो. 'महाल'चा कॅमेरामन जोसेफ विर्शिंग, म्युनिकचा जर्मन. मूकपटांच्या काळात हिमांशू राय यांच्यासोबत हिंदुस्थानात आला आणि इथलाच झाला. पुढे 'पाकीझा'सुद्धा त्यानं टिपला. त्या जिन्यावरच्या लांब सावल्या, खांबाआडून येणारा उजेड, हे घराणं थेट जर्मनीचं.

त्या घराण्याचा मूळ पुरुष म्हणजे १९२० चा 'कॅबिनेट ऑफ डॉक्टर कॅलिगारी'. भिंती तिरक्या, खिडक्या तिरक्या, सावल्यासुद्धा सेटवर चक्क रंगवलेल्या. त्यात झोपेत चालणारा सेझारे, कॉनराड फाइट. काळ्या कपड्यांत भिंतीला घासत जातो तेव्हा माणूस चालतोय की भिंतच सरकतेय ते समजत नाही. हाच फाइट पुढे १९४० च्या 'थीफ ऑफ बगदाद'मध्ये खलनायक होता, आपल्या म्हैसूरच्या साबूसमोर. आणि 'कॅसाब्लांका'तला नाझी अधिकारीही तोच. स्वतः मात्र हिटलर आल्यावर जर्मनी सोडून गेलेला.

---

बर्डीचा_राजा | रविवार, दुपारी १२:०५

राजेहो, तुम्ही सारे जर्मनी अन् लंडन फिरून राहिले, आपला सामरी कुठी गेला?

'पुराना मंदिर', १९८४. मी सहावीत. मोठ्या भावासंगं गेलो, घरी सांगितलं होतं गणपतीचा सिनेमा हाय म्हणून. नावात मंदिर होतं, माय मानली. मध्यंतरापर्यंत मी खुर्चीवर होतो, नंतर खुर्चीखाली. भाऊ सांगून राहिला, "उठ बे, गाणं सुरू झालं." मी म्हटलं, गाणं संपलं की सांग.

सामरी म्हणजे अनिरुद्ध अगरवाल. त्यायले मेकअप जास्त लागतच नसे, तो चेहरा अन् ती उंचीच बस होती. हा माणूस रुडकीचा शिकलेला इंजिनिअर हाय, हे मले लय उशिरा समजलं. 'बँडिट क्वीन'मधला बाबू गुज्जर पण तोच. आता मी पण बांधकामातच हाय, अन् साइटवर कोणी उंच इंजिनिअर आला की मले अजूनही तेच आठवते.

भीती शंभर टक्के. दया? नाई भाऊ. पण इज्जत खूप.

---

गोकुळपेठी | रविवार, दुपारी १२:२०

>> गाणं संपलं की सांग

हसून हसून पोट दुखलं. माय मानली हे सगळ्यात भारी.

---

एक_तिकीट | रविवार, दुपारी १:४०

'पुराना मंदिर'वाल्या रामसे बंधूंना लोक नावं ठेवतात, मी ठेवत नाही. १९७२ चा 'दो गज ज़मीन के नीचे' त्यांनी कसा केला? अख्खं कुटुंब उचललं, महाबळेश्वरला गेले, तिथेच राहायचं नि तिथेच शूटिंग. एक भाऊ कॅमेऱ्यावर, एक साउंडला, बायका स्वयंपाकाला. त्याआधीच्या त्यांच्या सिनेमात पृथ्वीराज कपूर मुखवटा घालून चोरी करतात असा एक सीन होता. सिनेमा पडला, पण त्या सीनला लोक थांबतात हे भावांनी हेरलं आणि पुढची वीस वर्षं त्यावर उभी केली. घरच्यांनी मिळून पापड करावेत तसे सिनेमे केले या लोकांनी. मला त्यात कौतुकच वाटतं.

१९९३ ला त्यांचाच हॉरर शो टीव्हीवर आला तेव्हा आमच्या गल्लीत शुक्रवारी रात्री पोट्टे घराबाहेर निघत नव्हते. नुसतं शीर्षकसंगीत वाजलं की पाणी प्यायला स्वयंपाकघरात जायची हिंमत नाही.

---

बाभूळबन | रविवार, दुपारी ३:१५

लॉन चेनीचं नाव अजून कसं नाही आलं? १९२३ चा 'हंचबॅक ऑफ नोत्र दाम', १९२५ चा 'फँटम ऑफ द ऑपेरा'. स्वतःचा मेकअप स्वतः करायचा, नाक वर खेचून, डोळ्यांखाली रंग भरून.

त्याचे आईवडील दोघेही मूकबधिर होते. घरात लहानपणापासून बोलणं म्हणजे हात आणि चेहरा. मी स्वतः मूकबधिर मुलांच्या शाळेत बावीस वर्षं शिकवतेय, म्हणून सांगते. आमच्या मुलांना मी 'फँटम'चा तो मुखवटा निघायचा सीन दाखवला. पडद्यावरच्या पाट्या कोणी वाचल्याच नाहीत. एका मुलीनं खुणेनं सांगितलं, "तो रागावला नाही, त्याला लाज वाटली." मी तो सीन कितीतरी वेळा पाहिला होता आणि मला दर वेळी फक्त राग दिसला होता.

रीळबंद, तुमच्या बाजूनं माझं मत. दोन मतं धरा, एक तिचं.

---

रीळबंद | रविवार, दुपारी ३:५०

बाभूळबनताई, हा प्रतिसाद मी मुलीला वाचून दाखवला. ती आता 'फँटम' लावा म्हणून मागे लागली आहे.

कार्लोफच्या तयारीबद्दल सांगायचं राहिलं. जॅक पियर्स रोज जवळपास चार तास त्याचा मेकअप करायचा. डोळे फार जिवंत दिसतात, फार कळतं त्यांना, असं कार्लोफला वाटलं. म्हणून पापण्यांवर मेणाचा थर चढवला. दातांचा एक ब्रिज काढून ठेवला की गाल आत जायचा. आणि सुरुवातीच्या नामावलीत त्याच्या भूमिकेपुढे नाव नव्हतंच, नुसतं प्रश्नचिन्ह! खरं नाव विल्यम हेन्री प्रॅट, लंडनचा, वय तेव्हा त्रेचाळीस. पूर्वजांत हिंदुस्थानी रक्त. अमेरिकेत नटांची संघटना १९३३ ला उभी राहिली त्यात सुरुवातीपासून होता. दिवस दिवस राक्षसाच्या त्या जड बुटांत उभं राहिलेल्या माणसाला कामाचे तास मोजावेसे वाटणारच.

---

डॉ_तर्कशुद्ध | रविवार, संध्याकाळी ६:३०

भूत नसतं. एवढं एकदा सांगून टाकतो. १९३१ मध्येही नव्हतं.

---

बर्डीचा_राजा | रविवार, संध्याकाळी ६:३४

हाव ना डॉक्टरसाहेब, म्हणूनच तं तिकीट काढून पाहा लागते. असतं तं फुकट दिसलं असतं.

---

डॉ_तर्कशुद्ध | रविवार, संध्याकाळी ७:१०

राजे, हे मात्र मान्य. आणि मी सिनेमाच्या विरोधात नाही, उलट माझी एक शिफारस आहे. 'गहराई', १९८०, अरुणाराजे आणि विकास देसाई यांचा. वडिलोपार्जित जमीन विकली जाते आणि शहरातल्या सुखवस्तू घरातली मुलगी वेगळीच वागू-बोलू लागते. पद्मिनी कोल्हापुरेनं त्या वयात जे केलंय त्याला तोड नाही. पण माझा नट डॉ. लागू. 'देवाला रिटायर करा' म्हणणारा माणूस इथे अशा बापाच्या भूमिकेत आहे, ज्याचा या कशावरच विश्वास नाही आणि ज्याच्या घरात मांत्रिकांची रांग लागली आहे. बायको बोलावते, शेजारी बोलावतात, आणि त्याला मुलगी तर बरी व्हायला हवी आहे.

मी गावोगाव प्रबोधनाचे कार्यक्रम करतो. असे बाप मला भेटतात. २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला, पण रात्री दोन वाजता मुलगी किंचाळते तेव्हा बापासमोर कायदा नसतो, शेजारी असतात. मला भीती त्या मांत्रिकांची वाटते आणि दया डॉ. लागूंची. दोन्ही एकाच सिनेमात मिळालं.

---

वसुधा_महालकर | रविवार, रात्री ८:०२

डॉक्टर, तुमचा हा प्रतिसाद आवडला. पहिल्या प्रतिसादावर मी चिडले होते.

आता कोणीतरी मराठी सिनेमाकडे या. १९७६ चा 'हा खेळ सावल्यांचा', वसंत जोगळेकरांचा. आशा काळे आणि काशिनाथ घाणेकर. 'रात्रीस खेळ चाले' रेडिओवर लागलं की आमची आजी बटण बंद करायची, दिवेलागणीला नको म्हणून. सुधीर मोघ्यांचे शब्द आणि हृदयनाथांची चाल. 'गोमू संगतीनं' त्याच सिनेमातलं, हे कितीतरी जणांना माहीतच नसतं. होडीतलं गाणं म्हणून सहलीत म्हणतात.

आणि १९६४ चा 'पाठलाग'. राजा परांजपे. त्यावरूनच राज खोसलांनी 'मेरा साया' केला. 'या डोळ्यांची दोन पाखरे' ऐका आणि मग साधनाचं गाणं ऐका. मला आपलं जास्त हुरहुर लावणारं वाटतं.

---

शेवटचा_शो | रविवार, रात्री ९:२५

आणि तात्या विंचू? 'झपाटलेला', १९९३. रामदास पाध्यांची बाहुली, दिलीप प्रभावळकरांचा आवाज. माझ्या लहान बहिणीनं दुसऱ्या दिवशी घरातल्या सगळ्या बाहुल्या पोत्यात भरून माळ्यावर टाकल्या आणि पोत्याचं तोंड सुतळीनं बांधलं. घर पाडायला काढलं तेव्हा, मागच्या वर्षी, ते पोतं निघालं. गाठ तशीच.

---

इतवारीकर | रविवार, रात्री १०:४०

तुम्ही सगळे सिनेमातल्या राक्षसांबद्दल बोलताय. आपल्या इतवारीत शंभराहून जास्त वर्षं राक्षस मिरवतोय त्याचं काय? तान्ह्या पोळ्याच्या दिवशी काळी मारबत आणि पिवळी मारबत निघते. कागद, बांबू, कापड, पंधरा-वीस फुटी बाई. "इडा पिडा, रोगराई घेऊन जा गे मारबत!" अख्खं नागपूर रस्त्यावर.

मी पाच वर्षांचा असताना वडिलांच्या खांद्यावर बसून काळी मारबत पाहिली. दातओठ, सुटलेले केस. घाबरून वडिलांच्या केसांना धरून ठेवलं. मग वाटेत बाया पुढे होऊन तिला नमस्कार करताना दिसल्या, लेकरं तिच्या पायावर घालताना दिसल्या. आणि शेवटी तिला जाळलं. मी जो रडायला लागलो तो घरी येईपर्यंत. वडिलांना कळेना, आता भीती कशाची? मला सांगता येत नव्हतं. सगळ्यांचे रोग तिच्या अंगावर दिले, पाया पडले आणि पेटवली.

रीळबंद, तुमचा कार्लोफ शेवटी पवनचक्कीत जळतो ना, गाव मशाली घेऊन खाली उभं असतं? मला तो सीन बघवत नाही. त्याचं कारण मला आज, हा धागा वाचताना, कळलं.

---

नवतपा | सोमवार, सकाळी ८:१५

इतवारीकर, तुमच्या प्रतिसादानंतर मी थोडा वेळ गप्प बसलो.

तरी लीवरून मी हटणार नाही. उलट एक गंमत सांगतो, नागपूरकरांनाच कळेल. पीटर कुशिंगचा जन्म २६ मे १९१३. ख्रिस्तोफर लीचा २७ मे १९२२. 'हाउस ऑफ वॅक्स'वाला व्हिन्सेंट प्राइस २७ मे १९११. तिघंही नवतप्यातले, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ तापत्या दिवसांतले! त्या उन्हात इथे माणूस घराबाहेर निघत नाही आणि या तिघांनी आयुष्यभर अंधारात कामं केली.

---

छायाप्रकाश | सोमवार, सकाळी ९:००

आणि ड्रॅक्युला उन्हानं मरतो हे मूळ कादंबरीत नाहीच. तिथे तो दिवसाही फिरतो, फक्त ताकद कमी. उन्हानं मरणं आणलं १९२२ च्या 'नोस्फेरातू'नं, मुर्नाऊचा मूकपट. माक्स श्रेक त्यात काउंट ऑर्लोक. परवानगी न घेता कादंबरी उचलली म्हणून लेखकाच्या विधवेनं दावा लावला आणि कोर्टानं सगळ्या प्रती नष्ट करा म्हणून हुकूम दिला. बाहेरदेशी गेलेल्या प्रती वाचल्या, म्हणून आज आपण तो पाहतो. मेल्यावर परत येणाऱ्याचा सिनेमा, आणि तोही तसाच परत आला.

---

एक_तिकीट | सोमवार, सकाळी ११:३०

माझी दया बेला लुगोसीला. ड्रॅक्युलाला नाही, लुगोसीलाच. १९२७ पासून न्यूयॉर्कच्या नाटकात ड्रॅक्युला, १९३१ ला सिनेमात ड्रॅक्युला, आणि मग दुसरं काही कोणी देईना. १९५६ ला गेला तर त्याच झग्यात पुरला. १९३१ चा तो सिनेमा रात्री बाराला कानात हेडफोन घालून पाहा. सुरुवातीचं सोडलं तर पार्श्वसंगीत जवळपास नाहीच. तो बोलायचा थांबतो ना, त्या शांततेत आपल्याच घरातले आवाज ऐकू यायला लागतात.

त्याच सेटवर रात्री दुसरं युनिट स्पॅनिश 'ड्रॅक्युला' करायचं, नट वेगळे, दिग्दर्शक वेगळा. दिवसपाळी इंग्रजी आणि रातपाळी स्पॅनिश. कॅमेरा कित्येक ठिकाणी रातपाळीचा सरस आहे.

---

शेवटचा_शो | सोमवार, दुपारी १:१०

थोडं विषयांतर. 'तुंबाड' जुना नाही, माहीत आहे. पण त्याचं बीज आपल्याकडचं आहे. दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांना नारायण धारपांची एक कथा मित्रानं सांगितली ती नागझिऱ्याच्या जंगलात, १९९३ साली. सिनेमा यायला २०१८ उजाडलं. रात्री नागझिऱ्यात राहिलेल्यांना सांगायला नको की तिथे ऐकलेली गोष्ट पंचवीस वर्षं का सुटत नाही.

---

पेटीवाला | सोमवार, रात्री १०:३०

सगळं वाचतोय, पहिल्यांदाच लिहितो. पुढच्या आठवड्यात कोजागिरी आहे. धरमपेठेत आमची गच्ची मोठी आहे, जुनी पांढरी चादर आहे आणि भाच्याकडे प्रोजेक्टर आहे. दरवर्षी भुलाबाईची गाणी होतात, खिरापत ओळखणं होतं, मग दूध आटेपर्यंत लोक मोबाइल बघत बसतात. यंदा 'नोस्फेरातू' लावू. मूकपट आहे, मी पेटी धरतो, तबल्याला शेजारचे काका. पूर्वी मूकपटांना टॉकीजमध्ये असंच वाजवायचे.

नागपुरातले सगळे या. दुधाला साखर आमची, बेदाणे आणि चारोळी ज्याची त्यानं आणावी.

---

बर्डीचा_राजा | सोमवार, रात्री १०:३६

येऊन राहिलो! चारोळी माह्याकडे लागली. खुर्च्या ठेवजा, खाली जागा असलेल्या.

---

वसुधा_महालकर | शुक्रवार, सकाळी ११:००

कालचा वृत्तांत मी देते. पंचवीस-तीस माणसं होती. माझ्या सासूबाईंनाही नेलं होतं, शहाऐंशी वर्षांच्या आहेत, ऐकू कमी येतं, त्यामुळे मूकपट त्यांना फार सोयीचा पडला. त्यांनी आधी भुलाबाईचं गाणं म्हटलं आणि मग शाल घेऊन पहिल्या रांगेत बसल्या.

ऑर्लोक पडद्यावर आला. टक्कल, लांब कान, उंदरासारखे पुढचे दात, ती बोटं. पोरं एकमेकांना चिकटली. सासूबाई मोठ्यानं म्हणाल्या, "किती वाळलाय गं हा. एवढा मोठा वाडा आणि रांधायला कोणी नाही." अख्खी गच्ची हसली. त्या हसल्या नाहीत, खरंच विचारत होत्या. शेवटी पहाट होते आणि तो खिडकीशी विरून जातो, तेव्हा म्हणाल्या, "सुटला." आणि दुधाचा पेला खाली ठेवला.

---

पेटीवाला | शुक्रवार, दुपारी १२:४५

काहींनी विचारलं की जिन्यावरची सावली चढते तिथे पेटी एकदम बंद केली ती कल्पना कोणाची. कोणाचीच नाही. तो लांब हात भिंतीवरून वर सरकायला लागला आणि माझा भाता थांबला. तबलेवाले काका माझ्याकडे बघून थांबले. सावली दारापर्यंत पोचली तरी मला सूर आठवेना.

---

रीळबंद | शुक्रवार, रात्री ९:१५

मी मागे प्रोजेक्टरजवळ उभा होतो, बाबांच्या जागी. सावली चढत होती, पेटी थांबली होती, आणि मी पब्लिक पाहत होतो. बाबांचं खरं होतं. सगळे शेजारच्याकडे बघत होते. माझी मुलगी बाभूळबनताईंचा हात धरून बसली होती. राजे चारोळीची पुडी छातीशी धरून बसले होते. डॉक्टरसाहेबांनी चश्मा काढून पुसायला घेतला होता.

पडद्याकडे फक्त आजी बघत होत्या.

---

नवतपा | शुक्रवार, रात्री ९:४०

वसुधाताई, पुढच्या पौर्णिमेला मी प्रोजेक्टर आणतो आणि १९५८ चा 'ड्रॅक्युला' आणतो. सासूबाईंना पहिल्या रांगेत बसवा. त्यांना लीची दया आली, तर मी माझं मत बदलीन.